कॅप्टनची खास जागा

न पाहिलेल्या खेळाचं कॅप्टनने कधी कौतुक केलं नाही. पंचवटीतल्या मैदानावर एखादी मुलगी सांगायला लागली, "ताई, काल मी दोघींना बाद केलं," की उत्तर ठरलेलं असे, "मी होते का तिथे? आत्ता करून दाखव."

कॅप्टन माझी आतेबहीण. शाळेच्या कबड्डी संघाची कर्णधार होती, म्हणून हे नाव. पुढे स्नायूंच्या आजाराने पाय गेले, हात दुबळे झाले आणि बॅटरीवर चालणारी खुर्ची आली. ती खुर्ची तिने थेट मैदानात घातली. चढाई करणाऱ्या मुलीने खुर्चीला शिवून परत जायचं; कॅप्टन बोटाने दांडी सरकवून गर्रकन वळायची. "खुर्ची सापडेना तुला, माणसं काय सापडणार?"

तिच्या हाताखाली तयार झालेली सायखेड्याची वैशाली राज्य स्पर्धेत खेळली. अंतिम सामना नाशिकमध्येच होता. वैशालीला तिथे चढाई करताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, एवढंच कॅप्टनला हवं होतं. गॅलरीला रॅम्प होता. त्यावर पाण्याचे जार रचलेले होते. "ताई, तुमच्यासाठी खास जागा ठेवलीये," म्हणत संयोजकांनी तिला व्यासपीठाशेजारी नेलं.

तिथून खेळ दिसत होता. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत. मग प्रमुख पाहुण्यांना निघायची घाई झाली आणि सामना चालू असतानाच कॅप्टनचा सत्कार उरकायचं ठरलं. गुण बरोबरीत, वैशाली चढाईला निघालेली, आणि कॅप्टनसमोर नुसत्या पाठी.

"अहो, बाजूला व्हा!"

"दोनच मिनिटं, ताई. फोटो होऊ द्या."

"शाल नको मला. सरका!"

"ताई, इकडे बघा. थोडं हसा."

ती माझ्यावर खेकसली, "अरे, तू तरी ओरड ना!" वाचनालयात आयुष्य गेलेला मी "जरा बसता का" एवढंच पुटपुटलो. तेवढ्यात सगळं मैदान गर्जलं. शाल तिच्या अंगावर पडली होती, आणि ती काढून टाकायला तिचे हात उचलत नव्हते.

वैशाली धापा टाकत आली. "ताई, बघितलंत ना?"

"नाही गं."

'करून दाखव' असंही कॅप्टन म्हणाली नाही. जिंकलेल्या मुलीचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

यंदा कॅप्टन गेली. शोकसभेत तेच संयोजक माईकवर सांगत होते, "आपल्या शिष्येचा विजय ताईंनी डोळे भरून पाहिला, हे आमच्या स्पर्धेचं भाग्य."

मी उठलो. "नाही पाहिला. तुम्ही समोर उभे होतात."

शेजारच्या गृहस्थांनी माझी बाही ओढली. "बसा हो. ही वेळ आहे का?"

मी बसलो नाही.