ज्या बोटीवर गाव चढेना

आता धोंडूकाका नाही, रामजी मानकरी नाहीत आणि ती बोटही दारूखान्याच्या भंगारवाड्यात तुकडे होऊन कधीच गेली. म्हणून लिहितो. इतकी वर्षं तोंड दाबून बसलो, त्याचा मला अजून राग येतो.

धोंडूकाका माझा चुलता. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटी सोडणाऱ्या एका कंपनीत तो फिटर होता. लालबागच्या चाळीत तो आणि मालनकाकी एका खोलीत राहायची, आणि त्यांच्या भिंतीला लागून आमच्या गावाची खोली होती. गावाची खोली म्हणजे गावातल्या बावीस गिरणी कामगारांनी मिळून घेतलेली. पाळीप्रमाणे झोपायचं, आणि गावचा कुठलाही निर्णय तिथेच बसून घ्यायचा. मीही त्या बाविसांतला एक.

काकाच्या हाताखाली दोन बोटी होत्या, इंदुमती आणि भानुमती. दोघी लहानशा, सख्ख्या बहिणी. विलायतेतल्या एकाच कारखान्यात एकाच नकाशावरून बांधलेल्या, लढाईच्या आधी सहा महिन्यांच्या अंतराने मुंबईत आलेल्या. तितकेच दोन मजले, तितकंच एकेक धुरांडं. पावसाळ्यात दर्या बंद झाला की दोघी गोदीत यायच्या आणि काका त्यांची इंजिनं खोलून बसायचा. भागांची गल्लत होऊ नये म्हणून इंदुमतीच्या प्रत्येक भागावर एक टिंब ठोकलेलं असे, भानुमतीच्या भागावर दोन. पण लढाईनंतर नवे भाग मिळेनात, तेव्हा साहेबांच्या हुकमाने काका हिचं काढून तिला आणि तिचं काढून हिला बसवू लागला. म्हणायचा, "बहिणी आसत रे. एकमेकीची लुगडी नेसतत."

एकोणपन्नास सालच्या शिमग्यापर्यंत सगळं ठीक होतं. त्या वर्षी रामजीभाऊ भानुमतीने निघाले. आमच्या गावची होळी पेटवण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. वाटेत रत्नागिरीच्या अलीकडे एका खाडीच्या तोंडाशी बोट हाकणाऱ्या सारंगाचा अंदाज चुकला आणि बोट ओहोटीत वाळूवर बसली. भरती येऊन ती हलेपर्यंत तिकडे गावात मुहूर्त टळला. दुसऱ्या भावकीतल्या दगडूने होळी पेटवली. रामजीभाऊ पोचले तेव्हा राख धुमसत होती. त्यावरून जी भांडणं लागली ती लागलीच. दोन भावक्या एकमेकांच्या मयताला जाईनात. आणि खापर कुणावर? सारंगावर नाही, ओहोटीवर नाही. भानुमतीवर!

रामजीभाऊ गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि खोलीचे कारभारी. त्यांनी सांगितलं, त्या अवदसेवर पाय ठेवायचा नाही. आमच्या गावाने ऐकलं, मग शेजारच्या दोन गावांनी ऐकलं. शिमग्यात इंदुमतीवर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसून जायची आणि भानुमती रिकामी डुलत जायची. काका सांगून थकला. पालथ्या घड्यावर पाणी. मला या माणसांचं कोडं कधी सुटलं नाही. छप्पन साली हीच माणसं मुंबईसाठी रस्त्यावर उतरली होती, लाठ्या खाऊन आली होती. रामजीभाऊंच्या कपाळावर त्याची खूण होती. पोलिसांपुढे न हटणारा माणूस एका बोटीला घाबरत होता.

एकोणसाठच्या अखेरीस कंपनीने ठरवलं, येत्या शिमग्यात भानुमती भरली नाही तर ती मोडीत जाईल. एकटी इंदुमती सगळी बंदरं घेऊ शकणार नव्हती, म्हणजे आमचं छोटं बंदर सुटणार होतं. मग ना बोट, ना थांबा. काका सतराव्या वर्षी मुंबईत आला होता तो भानुमतीच्या खालच्या मजल्यावर बसून. तिला मोडीत जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शिमग्याआधीच्या एका रविवारी दुपारी तो खोलीत आला. पंच्यात गुंडाळलेला एक पितळी व्हॉल्व्ह त्याने सगळ्यांसमोर ठेवला.

"ही दोन टिंबा बघा," तो म्हणाला. "दोन टिंबा म्हणजे भानुमती. ह्यो व्हॉल्व्ह सात वर्सां इंदुमतीत चलता. तुमी इंदुमती म्हणान जिच्यार बसतास, ती अर्धी भानुमतीच आसा. मगे सांगा, खंयची चांगली आणि खंयची वायट?"

मला वाटलं, जिंकला काका. रामजीभाऊंनी व्हॉल्व्ह हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विस्तव हाताला लागावा तसा खाली टाकला.

"म्हणजे ता वायट इंदुमतीतय शिरला म्हणायचा!"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. त्या शिमग्याला आमचा गाव दोन्ही बोटींवर चढला नाही. अख्खा गाव एस.टी.ने गेला, दोन दिवस घाट चढत-उतरत, ओकाऱ्या काढत. मीही गेलो. काकाने मला विचारलं होतं, "लवू, तू तरी येशीत मां भानुमतीन?" मी म्हणालो, खोलीच्या बाहेर कसा जाऊ? त्याने टोपी काढून भिंतीवर आपटली आणि मला शिवी दिली. ती मला लागायलाच हवी होती. त्याच्या जवळच्या माणसाने, सगळं समजणाऱ्या माणसाने, गावाच्या भीतीने त्याची साथ सोडली होती. मालनकाकीसुद्धा आमच्याबरोबर एस.टी.त होती.

शिमगा सरला आणि भानुमती गोदीत बांधून ठेवली. एप्रिलमध्ये, एक मेला महाराष्ट्राचं राज्य मिळणार म्हणून, गिरणगावात तोरणं लागत होती, तेव्हा कंपनीतल्या कुणाला तरी अक्कल सुचली. बोटीला पांढरा रंग दिला, कापडी छत लावलं आणि नाव घातलं 'जय भवानी'. बाहेर सांगितलं, भानुमती विकली, ही नवी आणली. काकाला हुकूम झाला, इंजिनावरची सगळी दोन-दोन टिंबं कानशीने घासून टाक. आठ दिवस तो घासत होता. निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "माज्याच हातान पुसलंय रे तिका. कोणाक बोललंस तर याद राख." बोटांना त्याने चिंध्या बांधल्या होत्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली फेरी सुटली. बोट गच्च भरली. आमची अख्खी खोली, बायका, पोरं, कोंबड्यांच्या पाट्या. 'जय महाराष्ट्र'च्या आरोळ्यांनी धक्का दणाणला. नवं राज्य, नवी बोट! रामजीभाऊंनी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, नारळ फोडला, कठड्यावर थाप मारली आणि म्हणाले, "बोट असावी तर अशी! नायतर ती अवदसा." लोक हसले. मालनकाकीही हसली.

काका त्या फेरीत इंजिनावर होता. वर हवेला आला तर रामजीभाऊंनी त्याला सगळ्यांसमोर अडवलं.

"धोंडू, खरा सांग. हेच्यात त्या भानुमतीचा काय नाय मां?"

यंत्राबद्दल काका कधी खोटं बोलला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर आलं होतं, सांगून टाक, तुम्ही तिच्याच पाठीवर बसला आहात! पण सांगितलं असतं तर ती परत रिकामी झाली असती. मी मान खाली घातली.

"नाय," काका म्हणाला. "एक खिळोय नाय."

"बरा झाला," असं म्हणून रामजीभाऊंनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

तो खाली गेला. मी मागोमाग शिडीवरून उतरलो. खाली इंजिनाची धडधड होती, वरून आरोळ्या ऐकू येत होत्या. काका पंपाजवळ उकिडवा बसला होता आणि जिथली टिंबं घासली होती तिथे अंगठा फिरवत होता. मग त्याने ते खोबरं पंपासमोर ठेवलं.

"घे गे बाये," तो म्हणाला. "तुज्या नावाचा नाय, पण तुजाच आसा."