वाजवून बघणारे कप्तान

लपवून काय करू, समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारं एक अख्खं जहाज मी एका शब्दानं बंदरात अडकवून ठेवलं होतं. वर स्वतःवर फार खूशही होते. तेव्हा मी अवघी अठ्ठावन्न वर्षांची. त्या वयात अक्कल कुठून असणार?

आखातातल्या मनामा शहरात, जहाजं तपासणाऱ्या एका ऑफिसात मी टायपिंग करायची. कप्तान तिथले सर्वांत जुने तपासनीस, मूळचे वसईचे. बोटीचं पोलाद हातोडीनं ठोकून गंज कुठे आहे ते आवाजावरून सांगायचे. हातोडी नसली की बोटांची पेरं. जिदहफ्सच्या बाजारातलं कलिंगड, माझा डबा, मालकाचं टेबल, काहीही वाजवायचे. माझं टायपिंगसुद्धा मोठ्यानं वाचून म्हणायचे, "हा शब्द पोकळ वाजतोय, बाय. बदल."

ते जहाज आधी इथेच माल वाहायचं. माणसं वाचवणाऱ्या एका संस्थेनं ते घेतलं, तेव्हा कप्तानांनीच तपासून दिलं. पुढे भूमध्य समुद्रातल्या एका बंदरानं ते धरलं. म्हणे परवान्यापेक्षा जास्त प्रवासी, म्हणून धोकादायक. संस्थेच्या वकिलानं कप्तानांची लेखी साक्ष मागवली. कप्तान इंग्रजीत सांगत गेले, मी टाइप करत गेले, "समुद्रातून काढलेली माणसं." सात वेळा तेच! मला वाटलं, म्हाताऱ्याचं इंग्रजी गावठी. मी सातही ठिकाणी सुबकसं 'पॅसेंजर' घातलं. कप्तानांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न वाचता सही केली.

ऑनलाइन सुनावणीत समोरचा वकील गोड हसला. "तुमचेच तज्ज्ञ पॅसेंजर म्हणतात. मग परवाना मोडलाच की!"

आमचा मालक कुजबुजला, "कप्तानसाब, बयान वापस लो. खलास करो."

"मफी. नाही घेणार," कप्तान म्हणाले, आणि त्यांनी टेबल वाजवलं. मग स्क्रीनकडे वळून, "शब्द चुकला. सही माझी, चूक माझी. पॅसेंजर धक्क्यावरून चढतो. ही माणसं पाण्यातून काढलेली. त्यांना परवान्यात मोजत नाहीत, हे तुमच्याच कायद्यात आहे. तरी मोजायचंच असेल तर सांगा, कितव्या माणसाचा हात सोडायचा? आकडा द्या. मी खाली सही करतो."

समोरच्यानं पुढची तारीख मागितली.

निकालाला कित्येक आठवडे गेले. जहाज तिथेच. मी राजीनामा टाइप करून पर्समध्ये घेऊन फिरायची. त्यात मात्र एकही शब्द सुधारला नव्हता.

कप्तान आता नाहीत. त्यांची हातोडी झिंज भागातल्या आमच्या घरी, माझ्या उशाशी असते. नातीचा निबंध ऐकताना मी ती पलंगावर आपटते, की नात ओरडते, "आजी, स्टॉप इट!"

पण निकाल आला तो दिवस सांगते. जहाज सोडा, असा हुकूम झाला. मी गुपचूप राजीनामा पुढे केला. कप्तानांनी तो चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला, चार तुकडे केले, माझ्या कपाळावर पेरांनी दोनदा टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं.

"पोकळ नाही, बाय. नुसतं इंग्रजी भरलंय. यल्ला, चल, बस टायपिंगला. अजून एक जहाज धरलंय."