बांधलेला डावा हात

सरांनी खिशातून रुमाल काढला, झटकला, आणि सगळ्या वाद्यवृंदासमोर माझा डावा हात कमरेच्या पट्ट्याला बांधला.

"वरातीतला हात आहे हा," व्हायोलिनवाल्या मुलींकडे बघत ते म्हणाले. "घरंदाज लोकांत शोभत नाही."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

परभणीचं संगीत विद्यालय ते. मी जिंतूरच्या बँडवाल्याचा मुलगा. माझा बाप नवरदेवाच्या घोड्यापुढं उलटा चालायचा. तोंड वाजवणाऱ्यांकडं, पाठ रस्त्याकडं. खड्डा, बैल, झिंगून नाचणारा नवरीचा मामा, सगळं त्याच्या पाठीला दिसायचं. क्लॅरिनेट काखेत, डावा हात हवेत. मूठ वळली की ढोल थांबायचा. बोटं पसरली की ट्रम्पेट उठायचं. तो हात मी बघून बघून उचलला होता.

सरांचा कारभार एका हाताचा. उजव्यात ताल दाखवायची छडी, डावा पाठीमागं. त्यांनी मला स्वरलिपी शिकवली, फुकट शिकवली. वाद्यवृंद चालवायला पुढं उभं केलं तेही त्यांनीच. आणि विद्यालयातली वाद्यवृंद-संचालकाची जागा त्यांच्याच शब्दावर मिळणार होती. म्हणून रोज तालमीला मी आपणहून हात पुढं करायचो. सर बांधायचे. रुमालाला खसाच्या अत्तराचा वास. आजही लग्नात कुणी खस लावून शेजारी बसलं, की मला घाम फुटतो आणि मी खुर्ची बदलतो.

पुढं पुढं रुमाल सोडला तरी हात लोंबायचा. घरी बापाच्या नजरेतून सुटलं नाही.

"हाताला काय झालंय तुह्या?"

"सर बांधतात."

"आन् तू बांधू देतूस?"

त्यानं ताट तसंच सरकवलं.

वार्षिक कार्यक्रम आला. पडद्यापलीकडं वकील, व्यापारी, संस्थेचे अध्यक्ष. अलीकडं नवा काळा कोट घातलेला मी. सर आले. हातात रुमाल.

"कोटाच्या आतून बांधू. कुणाला कळणार नाही."

मी हात मागं घेतला. तबलेवाल्यानं वर बघितलं.

"नाही सर," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की सरांना ऐकूच आला नाही. मला तेच पुन्हा म्हणावं लागलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त भीती वाटली.

"मग ही जागा विसर."

पडदा उघडला. मी दोन्ही हात उचलले. वाद्यवृंद वाजू लागला. मग डावी मूठ वळली आणि सगळी वाद्यं एकदम थांबली. सभागृह चिडीचूप. मला वाटलं, मेलो आता.

जागा गेली. जिथं जिथं अर्ज केला, तिथून आधी सरांना फोन जायचा. सर काय सांगायचे, मला कुणी कधी सांगितलं नाही. पुन्हा बोलावणं तेवढं आलं नाही. मी गावोगावच्या शाळांत गॅदरिंगसाठी पोरांचा वाद्यवृंद बसवत राहिलो. दोन्ही हातांनी.

येत्या रविवारी सरांचा सत्कार आहे. जुना शिष्य म्हणून मला बोलायला बोलावलंय. बायको म्हणते, दोन चांगले शब्द बोला अन् गुमान घरी या. सर पहिल्या रांगेत बसणार. आतापासूनच झोप लागत नाही. पण मी जाणार आहे. शिकवलं ते सांगणार आहे. बांधलं तेही सांगणार आहे, त्यांच्याकडं बघून. माईक बंद केला, तर माईकशिवाय सांगेन.