पेरूच्या झाडावरचं पिल्लू
सातूच्या ओल्या पिठाचा वास आला की भोपाळच्या टाउनशिपमधलं आमचं क्वार्टर आठवतं, आणि वादळात घरट्यातून पडलेलं पोपटाचं पिल्लू. "स्वतः खायला लागलं की सोडायचं," असं आमच्या यांनी बजावलं होतं. पण पिंजऱ्यातली भिजवलेली डाळ तशीच राहायची, तरी पिल्लाच्या गळ्याखालची थैली टम्म. सासूबाईंना संशय आला. वरच्या मजल्यावरच्या भाभीला त्यांनी जिन्यातच गाठलं. "हमारे पोपट को चोरून तुमच भरवती ना?" भाभी फणकारली, "अम्माजी, पहले अपने घर में पूछो!" सासूबाई वळून, मागे उभ्या असलेल्या माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. त्यांवर सातूचं पीठ वाळलं होतं. मी बोटं पदरात लपवली. भोंगा वाजून हे कारखान्यात गेले, की मीच पिल्लाला चमच्याने भरवायची. त्या परक्या गावात माझी वाट बघणारं तेवढंच होतं. शेवटी "भूक लागली की खाईल" म्हणत यांनी त्याला मागच्या पेरूवर सोडलं. पिकल्या पेरूंमध्ये बसून ते दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे चोच उघडत, केकाटत राहिलं. सकाळी ते झाडाखाली निपचित पडलेलं सापडलं. मी आदल्या दिवशी चमचा घेऊन दारापर्यंत गेले होते, पण सासूबाई बघत होत्या, म्हणून परत फिरले. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही.