परकरांच्या मशीनसाठी सपाट जमीन

माणसाची संस्कृती सपाट जमिनीपासून सुरू होते, असं माझं एकेकाळी ठाम मत होतं. ते मत झालं तेव्हा, नव्वदीच्या दशकात, आम्ही सुरतेला पांडेसरात एका खोलीत राहत होतो आणि त्या खोलीत भरलेला पेला खाली ठेवायचा तर आधी जागा शोधावी लागे.

जमीन दगडी फरशीची, जागोजाग खचलेली. पेल्याचं एक वेळ चाललं असतं. पण बायको पायमशीनवर एका दुकानदारासाठी परकर शिवायची. पायाने पायटा मारला की मशीन डुले, शिवण वाकडी जाई आणि दर गठ्ठ्यातले काही परकर परत येत. शेवटी दुकानदाराने सांगितलं, "आता परत असं आलं तर काम दुसरीला देईन." तेव्हा मी जमिनीचा प्रश्न हाती घेतला. मी मिलमध्ये कारकून होतो. फरशी बसवण्याचा अनुभव काहीच नव्हता. वाचन मात्र बरंच होतं.

दिवाळीच्या सुट्टीला मिल बंद झाली. निम्मी गल्ली आपल्या गावी, खानदेशात गेली, आम्ही राहिलो. जुनी फरशी उखडली आणि मोरबीच्या गुळगुळीत टाईल्स आणल्या. पातळी पाहायला पाण्याने भरलेली लांब नळी घेतली. तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, तिथे भिंतीवर खूण करायची. एक टोक माझ्या हातात, दुसरं बायकोच्या.

"तुझ्याकडे कुठे आहे पाणी?"

"आहे तिथेच आहे."

"वर आहे की खाली?"

"कशाच्या?"

प्रश्न बिनतोड होता. मी खूण केली.

पहिली ओळ भिंतीला अगदी चिकटवून लावली. भिंतीपेक्षा भरवशाचं खोलीत दुसरं होतं काय? चौथ्या ओळीपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. पाचव्या ओळीला दिसलं, की सगळ्या रेषा कोपऱ्याकडे निघाल्यात. एवढ्यात शेजारचे गवंडीकाका दारात आले.

"काय करी राह्यनात, भाऊ?"

"भिंतीला धरून लावतोय."

"भिंतीवर भरोसा ठेवला?" ते हसले. "ही भिंत मी बांधेल आहे. सिमेंटचा माल ओला आहे तोवर काढा सगळं."

सगळं काढलं. काकांनी दाराच्या मधोमध एक दोरी ताणली, तिला आडवी दुसरी लावली आणि तीन, चार नि पाच हात मोजून काटकोन बघितला. त्यामागचा भूमितीचा सिद्धांत मी त्यांना समजावून सांगितला. त्यांनी तो तंबाखू मळून होईपर्यंत ऐकला.

"हां, तसंच असतं ते," ते म्हणाले. "आता दोरी सोडू नका. वाकडे तुकडे भिंतीकडे जाऊ द्या, तिथं पलंग येईल."

त्यापुढे मी भिंतीकडे पाहिलं नाही. एकेक टाईल ठेवायची, थापीच्या मुठीने ठोकायची, पोकळ वाजली तर उचलून खाली आणखी माल घालायचा. सहाव्या दिवशी संपलं. इतक्या समाधानाने मी दुसरं कुठलंही काम केलेलं नाही.

माल पक्का झाल्यावर मशीन आत आणलं. बायको शिवायला बसली. मशीन जराही डुललं नाही. शिवण दोरीसारखी सरळ. मी हात मागे बांधून उभा राहिलो, उद्घाटनाला पुढारी राहतात तसा.

"अहो," ती म्हणाली, "हे सरकतंय."

खरंच सरकत होतं. गुळगुळीत टाईलवर लोखंडी पाय प्रत्येक पायट्याला थोडे पुढे जात होते. एक परकर होईस्तोवर मशीन दाराकडे वीतभर गेलं होतं आणि ती मागून स्टूल ओढत होती.

"चांगलं झालं," काका दारातून म्हणाले. "माल द्यायला दुकानावर मशीनच जाईल."

बायको उठली, गावाहून ज्वारी आली होती ते तागाचं पोतं रिकामं केलं, घडी घालून मशीनखाली सारलं आणि पुन्हा बसली. मशीन किंचित हलत होतं, पण पूर्वीच्या मानाने काहीच नाही, आणि जागा सोडत नव्हतं. त्या गठ्ठ्यातला एकही परकर परत आला नाही. पुढे आम्ही तिथे होतो तोवर ती त्या पोत्यावरच शिवत राहिली.

माझ्या सगळ्यात सरळ बसलेल्या चार टाईल्स त्या पोत्याखाली होत्या.