अण्णांची उसनी जीभ

"चाखतोय ओ, खात न्हाय!" गुळाचा खडा जिभेवर ठेवून, डोळे मिटून अण्णा म्हणायचे. मुलांनो, ऐंशीच्या दशकात कोल्हापुरात आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ गुळाच्या बाजारात अडते होते. ढेप फोडायची, रंग बघायचा, खडा चाखायचा आणि मग सौदा. हंगामात असे किती खडे पोटात जात, देव जाणे. तेही मधुमेह असताना.

एका सकाळी ते दारात उभे. "बाई, गुळाचा रंगच कळंना झालाय मला."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून अण्णा मला विचारायला आले. "साखर रक्तात. मग डोळ्यानं काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, "साखर फार काळ वाढलेली राहिली, की शरीरात प्राणवायूपासून काही उपद्रवी कण जास्त तयार होतात. ते रक्तवाहिन्यांना आतून इजा करतात. हेही एक कारण असावं, असं आता म्हणायला लागलेत."

अण्णा विचारात पडले. "पावसाळी हवेनं गूळ काळा पडतोय, तसं व्हय?"

"साधारण तसंच."

"काळा पडल्याला परत पिवळा हुईत न्हाय, बाई."

"पण उरलेला जपता येतो ना?"

त्या दिवसापासून चाखणं बंद. मग सौदा कसा करायचा? दुसऱ्या दिवशीच्या मालाचे खडे कागदात बांधून अण्णा संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर येऊ लागले. "बाई, जीभ द्या जरा उसनी."

मी व्यवस्थित सांगू लागे, "गोडी चांगली आहे, पण शेवटी किंचित..."

"बोलू नका! तोंड बघू द्या तुमचं." माझी भुवई जराशी हलली, की ओरडायचे, "खारट हाय की ओ ह्यो!"

तुमचे आजोबा आतून म्हणायचे, "अण्णा, मला इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावरचं काही वाचता आलं नाही. कसं जमतं हो?"

असे काही हंगाम गेले. साखर आटोक्यात आली, पण डोळ्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेवटच्या हंगामात ते मुलीचा हात धरून आले आणि चाचपत माझ्या तळहातावर खडा ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि सवयीने गप्प राहून त्यांच्याकडे बघितलं.

अण्णांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. मग हळूच म्हणाले, "आता बोला, बाई."