अकरा किलोंची पेटी

दिल्लीच्या प्रदर्शनासाठी बाबांनी बोहाड्याचे पाच मुखवटे नेले. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा सोंगांचा उत्सव. गावातली माणसं मुखवटे चढवून देव होतात, दैत्य होतात, नाचतात. चार मुखवटे बाबांच्या हातचे. पाचवा नरसिंहाचा, आजोबांनी कागदाच्या लगद्यातून घडवलेला. तो आमचा नव्हताच. तो चढवून नाचायचा मान गावातल्या दुसऱ्या घराकडे होता, आणि त्या घरच्या म्हाताऱ्याने निव्वळ बाबांच्या शब्दावर तो दिला होता. मी पोशेऱ्याला शाळेत शिकवते. हिंदी-इंग्रजी बोलायला कुणी हवं म्हणून सोबत गेले.

मुंबईच्या विमानतळावर बाबा पेटी सोडेनात.

"आत काय आहे, काका?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"देव आहेत. सांभाळून न्या."

तिने हसून पेटीवर काचेच्या पेल्याचं चित्र असलेलं स्टिकर लावलं. मी पेटीचा फोटो काढला.

दिल्लीत सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला. पेटी आली नाही. तक्रारीच्या कागदावर शिक्का घेतला, 'उद्या येईल' ऐकलं, आणि तीन दिवस बाबा प्रदर्शनात रिकाम्या टेबलामागे बसून राहिले. लोक टेबलाकडे बघायचे, मग बाबांकडे, आणि पुढे जायचे.

परतल्यावर बाबा त्या म्हाताऱ्याकडे गेले. मीही गेले. बाबांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं. म्हातारा उठून दारात आला. मग म्हणाला, "आत ये. चहा घे." त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिनाभर मी मोखाड्याच्या एसटी स्टँडवर उभी राहून विमान कंपनीला फोन करत होते, कारण घरी रेंज टिकत नाही. दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून सगळी गोष्ट. शेवटी एकाने सांगितलं, पेटी सापडत नाही.

"वस्तूंची बिलं पाठवा, मॅडम."

"त्या विकत घेतलेल्या नाहीत."

"मग बाजारभाव?"

"त्या बाजारात मिळत नाहीत."

"मग किलोप्रमाणे मिळतील. तुमचं वजन अकरा किलो."

अकरा किलोंतले आठ किलो पत्र्याच्या पेटीचे आणि मुखवट्यांना धक्का लागू नये म्हणून गुंडाळलेल्या गोधड्यांचे! मुखवटे हलकेच असतात. ते चढवून तासन्‌तास नाचायचं असतं. म्हणजे ही कंपनी आम्हाला पैसे देणार होती ते पत्र्याचे आणि चिंध्यांचे. मी स्टँडवर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण जव्हारच्या गाडीत चढणारी माणसं थांबून बघत होती.

मग कागद आला: 'पूर्ण व अंतिम भरपाई मान्य', खाली सहीची जागा. बाबांनी तो घडी करून मला परत दिला. "पोरी, ह्याच्यावर सही केली तर देव विकल्यासारखं होईल."

मी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील केला नाही, स्वतःच बोलले. कंपनीचा वकील म्हणाला, मौल्यवान सामान असेल तर प्रवाशाने तसं आधी लिहून द्यायला हवं होतं. मी स्टिकरचा फोटो पुढे केला.

"तुमच्या माणसाने विचारलं, माझ्या वडिलांनी सांगितलं. मग हे कुणासाठी चिकटवलं होतं?"

तो फाइल चाळत राहिला. कैक तारखांनंतर निकाल आमच्या बाजूने लागला. किलोचा हिशेब आयोगाने मानला नाही. कंपनीने रक्कम भरली आणि सोबत पत्र पाठवलं: झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. गैरसोय! बस चुकली की गैरसोय होते.

पैसे बाबांनी म्हाताऱ्यापुढे ठेवले. त्याने त्यातले लगद्याला आणि रंगाला लागतील तेवढे उचलून बाबांच्याच हातात दिले आणि म्हणाला, "नवा कर." बाबांनी केला.

यंदा तो नवा नरसिंह नाचला. लोकांनी नारळ फोडले, पाया पडले. बाबा मात्र घरातून बाहेर पडले नाहीत. मी गर्दीत उभी होते. हात जोडले होते, पण दातओठ आवळलेले होते, आणि ते सोंग पुढे निघून गेलं तरी सुटले नाहीत.